माळव्यातील हिवाळी खेडे जलरंगात कसे रंगवावे

हिवाळ्यातील खेडे म्हटले की चित्रांच्या पुस्तकांतून बर्फाने झाकलेली छपरे, निष्पर्ण झाडे आणि गोठलेली तळी समोर येतात. इंदुरात राहून जलरंग शिकणाऱ्याला मग साहजिकच प्रश्न पडतो की आपल्याकडे यातले काहीच नसताना हिवाळा रंगवायचा तरी कशाच्या जोरावर. माळव्यातला हिवाळा सकाळच्या पहिल्या दोन तासांत, तिरप्या उन्हात, जमिनीलगत थांबलेल्या धुरात आणि भिंतीवर पडणाऱ्या लांब सावल्यांत असतो. तो पकडायचा असेल तर रंगांच्या नावांपेक्षा उजळ, मध्यम आणि गडद यांचा हिशेब आधी जमावा लागतो, आणि या लेखातील जवळजवळ प्रत्येक सूचना त्याच हिशेबाकडे जाते. ज्यांना कागदावर सपाट वॉश (पाणीदार रंगाचा एकसारखा थर) देता येतो, साधे घर व झाड काढता येते, पण उघड्यावर बसून पूर्ण चित्र करण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

घरी बसून करायची तयारी

बाहेर पडण्यापूर्वी एक जुने चित्र नीट पाहावे. पीटर ब्रूगेल थोरला याने १५६५ साली लाकडी फळ्यांवर तैलरंगांत केलेले ‘बर्फातील शिकारी’ हे हिवाळी खेड्याचे बहुधा सर्वांत परिचित चित्र आहे. ते सुमारे ११७ सेंटिमीटर उंच व १६२ सेंटिमीटर रुंद असून व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. अँटवर्पचे व्यापारी निक्लास योंगेलिंक यांच्यासाठी केलेल्या, वर्षातील ऋतुमान दाखवणाऱ्या मालिकेतील ते एक असून त्या मालिकेतील पाचच चित्रे आज उपलब्ध आहेत. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा पाहता येते. ती मोबाइलच्या पडद्यावर न पाहता शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहावी.

चित्रात डावीकडून तीन शिकारी पाठमोरे, थकलेल्या कुत्र्यांसह टेकडीच्या कडेने गावाकडे उतरत आहेत, आणि एवढ्या सगळ्या लवाजम्याने मिळवले काय, तर एकाच्या पाठीवर लटकणारा एक कोल्हा. शेजारच्या खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर तिरकी लोंबते आहे आणि दारासमोर काही माणसे जाळ करून कामाला लागली आहेत. खाली दरीत गोठलेल्या तळ्यांवर माणसे घसरत खेळत आहेत, उजवीकडे पाणचक्कीचे चाक बर्फाने जखडले आहे. हे तपशील वाचून मौज वाटते, परंतु शिकायचे आहे ते वेगळेच. आकाशाचा आणि गोठलेल्या पाण्याचा रंग एकच, हिरवट राखाडी आहे. बर्फ हा सर्वांत उजळ थर, आकाश व पाणी हा मधला थर, आणि झाडे, माणसे, कुत्री हा जवळजवळ काळा थर, अशा तीन पायऱ्यांत सगळे चित्र बसते. ऊबदार रंग अगदी मोजका, जाळाच्या आणि विटांच्या जागी ठेवला आहे, म्हणूनच बाकीचे सगळे गार वाटते. पुढच्या चार उंच झाडांची रांग टेकडीच्या उतारावरून खाली जाते आणि पाहणाऱ्याची नजर तिच्या मागोमाग दरीत उतरते.

त्यातील दूरचे सुळक्यांचे डोंगर ब्रूगेलच्या सपाट प्रदेशातले नाहीत, ते त्याने इटलीच्या प्रवासात पाहिलेल्या आल्प्सच्या आठवणीतून आणले आहेत. इंदूरजवळच्या सिमरोलच्या शेतामागे विंध्याची एखादी रांग थोडी जवळ ओढून घेण्याचा संकोच वाटला, तर हा दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरे चित्र क्लोद मोने यांचे ‘मॅगपाय’, १८६८-६९ मधले, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातले. तेथे कुंपणाची सावली बर्फावर चक्क निळी पडलेली आहे. १८६९ च्या सलोनसाठी, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनासाठी, ते नाकारले गेले होते. आपल्याला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की थंड, स्वच्छ सकाळी पांढऱ्या पृष्ठभागावरच्या सावलीत आकाशाचा निळा उतरतो, आणि दिवाळीत पोतारलेल्या खेड्यातल्या भिंतीलाही हा नियम तंतोतंत लागू होतो.

आता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ब्रूगेलच्या चित्राची नक्कल ४ बी पेन्सिलीने करावी, पण फक्त तीन छटांत: कोरा कागद, मधला करडा आणि गडद. चेहरे, फांद्या, पक्षी, काही काढू नये. हा सराव पुन्हा पुन्हा करावा, कारण पुढे मैदानात नेमके हेच करायचे आहे आणि तेथे समोरचे दृश्य आधीच कोणी तीन छटांत लावून ठेवलेले नसते.

इंदुरात ही परंपरा परकी नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे सुरू केलेल्या चित्रकला विद्यालयातून नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर असे चित्रकार घडले, आणि मकबूल फिदा हुसेन हेही काही काळ तेथे शिकले. बेंद्रे यांचा जन्म इंदूरचाच, १९१० सालचा. त्यांची निसर्गचित्रे पाहायची संधी मिळाल्यास रंग किती मोजके आहेत याकडे आधी लक्ष द्यावे.

वेळ आणि दिशा

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. या दिवसांत इंदुरात सूर्य साधारण सात ते सव्वासातच्या दरम्यान उगवतो आणि तो नेमक्या पूर्वेला न उगवता पूर्वेपासून सुमारे २० ते २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही तो क्षितिजापासून ४४ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे दुपारी साडेबारालाही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी असते. सकाळी आठच्या सुमारास ती उंचीच्या पाच पट आणि नऊ वाजून गेल्यावर अडीच पटींच्याही थोडी आत येते. पाच पटींची सावली गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीवर चढते आणि दोन घरांना एकमेकांशी बांधते. अडीच पटींची सावली बहुतेक वेळा रस्त्यातच संपते. म्हणून काम सुरू करण्याची वेळ साडेसात आणि सावल्या कागदावर नक्की करण्याची वेळ सव्वाआठ, असे ठरवून घ्यावे.

बसताना सूर्य पाठीशी येऊ देऊ नये. समोरचे सगळे सपाट उजळ दिसते आणि लांबी-खोली नाहीशी होते. नवोदितांना बाजूचा उजेड सर्वांत सोयीचा, आणि सूर्य आग्नेयेला असल्यामुळे तो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाणाऱ्या गल्लीत मिळतो. त्यातही दक्षिणेकडे तोंड करून बसावे असे मी सुचवेन. सूर्य डावीकडून, किंचित समोरून येतो, छपरांच्या कडा चमकतात, धूर आणि धुके उजेड पकडतात, आणि फळी थोडी उभी धरली तर कागद तिच्याच सावलीत राहतो. कोऱ्या कागदावर थेट ऊन पडले की डोळे दिपतात, आपण दिलेली छटा प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा फिकी वाटू लागते आणि हात नकळत गडद रंगाकडे वळतो. मग घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते.

जागा शोधण्यासाठी खंडवा रोडवर सिमरोल आणि तिल्लोरच्या आसपास, किंवा खुडैल-कम्पेलच्या बाजूला आदल्या दिवशी एक चक्कर मारून यावी. पाणी हवे असेल तर हातोदकडचा यशवंत सागर आहे, मात्र पहिल्याच चित्रात मोठे पाणी घेऊ नये. गावालगतची लहानशी तळई, तिची पाळ आणि पाळीवरून दिसणारी आठ-दहा घरे एवढे पुष्कळ झाले. पाळीचा आणखी एक फायदा असा की नजर थोडी उंचावते आणि ब्रूगेलप्रमाणे वरून खाली उतरणारी रचना आपोआप हाती लागते.

साहित्य

यावर फार वेळ घालवू नये. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शक्य असल्यास पूर्ण कापसाचा, किंचित खरखरीत कागद, साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर, चारही बाजूंनी टेपने फळीवर बसवलेला. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि लाइट रेड हे चार रंग. ट्यूबमधला तयार हिरवा आणि काळा घरी ठेवून जावे, कारण जवळ असले की ते वापरले जातातच. एक इंचाचा चपटा ब्रश, १२ आणि ६ नंबरचे गोल ब्रश, बारीक रेषेसाठी एक लांब केसांचा ब्रश. पाण्याची दोन भांडी, जुने सुती कापड आणि बसायला लहान स्टूल. पहाटे पारा बऱ्याचदा दहा अंशांच्या खाली असतो आणि आपण हालचाल न करता तासभर बसणार असतो, तेव्हा शाल आणि बोटे उघडी राहतील असे हातमोजे ही सुद्धा साहित्यातच धरावीत.

तीन छटांचे रेखाटन

जागेवर पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटे रंगांची पेटी उघडू नये. वहीत पोस्टकार्डाएवढी चौकट काढावी, डोळे किलकिले करून समोर पाहावे आणि प्रत्येक मोठा आकार उजळ, मध्यम की गडद एवढेच ठरवावे. किलकिल्या डोळ्यांना तपशील दिसत नाही आणि छटा मात्र दिसते. आकाश, धुके आणि ऊन पडलेली भिंत बहुधा उजळ थरात जातील. दूरची झाडे, छपरे आणि सावलीतल्या भिंती मधल्या थरात. जवळचे झाड, उघड्या दाराच्या आतला अंधार, म्हैस, शेणखताचा ढीग आणि नुकतेच पाणी दिलेले काळ्या मातीचे वावर गडद थरात.

येथे बहुतेकजण एका ठिकाणी फसतात, आणि ते ठिकाण म्हणजे पांढरी भिंत. दिवाळीत पोतारलेली असल्याने हिवाळ्यात खेड्यातील भिंती वर्षातल्या सर्वांत पांढऱ्या असतात, आणि ‘पांढरी आहे’ हे ज्ञान डोळ्यांवर मात करते. सूर्याकडे तोंड नसलेली पांढरी भिंत आकाशापेक्षा स्पष्टपणे गडद असते. खात्री करायची असेल तर हातातला कोरा कागद उन्हात धरून त्याच्या कडेवरून भिंतीकडे पाहावे. भिंत किती करडी-निळी आहे हे लगेच कळते. अशा भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा असेल तर त्याच्याकडे आणखी बारकाईने पाहावे. त्याच्या लगतच्या चुन्यावर हलकी गुलाबी झाक उतरलेली असते, आणि ओट्यावर ऊन पडले असेल तर तेथून परत फिरलेला उजेड सावलीतल्या भिंतीचा खालचा भाग वरच्यापेक्षा उजळ व पिवळसर करतो. एकाच भिंतीत वर निळा, खाली ऊबदार असा हा उतार आला की भिंत उभी राहते.

कवेलूंच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, छपरांबाबतही असेच. रात्रीच्या दवाने कवेलू भिजून गडद तपकिरी होतात. ऊन लागले की पूर्वेकडची बाजू आधी वाळते, फिकी पडते आणि काही मिनिटे तिच्यावरून वाफ उठताना दिसते. पश्चिमेकडचा उतार मात्र ओला आणि गडदच असतो. एकाच छपराच्या दोन बाजूंत त्या वेळी जेवढा फरक असतो तेवढा नंतर दिवसभरात दिसत नाही.

तिन्ही थरांची वाटणी साधारण समान आली तर रचना बदलावी. हिवाळी सकाळसाठी मधली छटा निम्म्याहून जास्त, उजळ त्याहून कमी आणि गडद अगदी थोडी, अशी वाटणी मला सर्वांत भरवशाची वाटते.

कागदावरची आखणी

मोठ्या कागदावर आखणी मोजक्या रेषांत करावी. प्रथम क्षितिजरेषा, म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची. आपण स्टुलावर बसलो असू आणि जमीन सपाट असेल तर दूर-जवळ उभ्या असलेल्या सर्व मोठ्या माणसांना ही रेषा साधारण छातीच्या किंवा त्याखालच्या उंचीवर कापते. पाळीवर बसलो असू तर माणसे पूर्णपणे तिच्या खाली जातात. एवढे सांभाळले तरी माणसे हवेत तरंगत नाहीत. डोळ्यांच्या वर असलेल्या वळचणी दूर जाताना खाली उतरतात आणि ओट्यांच्या कडा वर चढतात. गावातील घरे एका ओळीत बांधलेली नसतात, त्यामुळे प्रत्येक घराचा कोन वेगळा असतो, तो सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

ब्रूगेलच्या झाडांचे काम आपल्याकडे कोण करणार, हा प्रश्न येथे येतो. डिसेंबरात माळव्यातील आंबा, कडुनिंब, बाभूळ हिरवीच असतात, धुळीने थोडी मळकी इतकेच. पळसही अजून पाने धरून असतो. उसनी निष्पर्ण झाडे लावली तर चित्र भलत्याच देशाचे होते. उभ्या, गडद रेषांसाठी शिंदीची खोडे आहेत, आणि मला तर विजेचे खांब त्याहून चांगले वाटतात. शेताच्या कडेने गावाकडे जाणारी, थोडी कललेली खांबांची रांग नजरेला नेमके तेच काम करून देते. खांब, टीव्हीची डिश, निळा प्लास्टिकचा पिंप हे काढून टाकून कॅलेंडरातले गाव तयार करण्याचा मोह अनेकांना होतो. सगळेच ठेवण्याची गरज नाही, पण निदान एखादी गोष्ट ठेवावी. निळा पिंप तर ऊबदार भिंतीपुढे सुंदर दिसतो.

सव्वाआठला सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या कराव्यात आणि त्यानंतर सूर्याच्या मागे धावू नये. सरकत्या सावल्यांमागे जाणाऱ्या चित्रात शेवटी दोन सूर्य दिसतात.

रंग

पहिला वॉश सगळ्या कागदावर एकदम द्यावा, फक्त ऊन पडलेल्या भिंती आणि छपरांच्या चमकत्या कडा कोरड्या सोडाव्यात. वर पातळ अल्ट्रामरीनमध्ये किंचित लाइट रेड, क्षितिजाकडे येताना अतिशय पातळ यलो ऑकर, आणि तेच पाणी खाली जमिनीत व तळईत उतरू द्यावे. आकाश आणि पाणी एकाच वॉशमध्ये झाले की त्यांचे नाते वेगळे जमवावे लागत नाही. फळी पुस्तकाच्या जाडीएवढी तिरपी ठेवावी.

थंडीत हा वॉश उन्हाळ्यासारखा पाच मिनिटांत वाळत नाही. हवा गार व दमट असते, कागद बराच वेळ चमकत राहतो, आणि अधीर होऊन त्यात ओला ब्रश लावला की पाणी मागे ढकलले जाऊन दातेरी कडांचे डाग पडतात. यावर दोन उपाय आहेत. एक, नेहमीपेक्षा कमी पाणी आणि थोडा दाट रंग घ्यावा. दुसरा, पहिली चमक गेली पण कागद स्पर्शाला गार लागतो, या अवस्थेचा उपयोग करून दूरची झाडे त्याच वेळी लावावीत. अल्ट्रामरीनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून केलेला निळसर करडा रंग ओलसर कागदावर ठेवला की कडा स्वतःच विरघळतात आणि धुके वेगळे रंगवावे लागत नाही. झाडांचा खालचा भाग स्वच्छ, पिळलेल्या ब्रशने पुसून घ्यावा. सकाळचे धुके पाणी दिलेल्या शेतावर जमिनीलगत असते, त्यामुळे खोडे अस्पष्ट आणि शेंडे त्यामानाने स्पष्ट दिसतात. यानंतर फळी उन्हाकडे करून पूर्ण वाळेपर्यंत थांबावे आणि तेवढ्यात वहीत माणसांची रेखाटने करावीत.

हिरव्यासाठी अल्ट्रामरीन व यलो ऑकर पुरतात. नोव्हेंबरात पेरलेला गहू या दिवसांत निळसर हिरवा असतो, हरभरा त्याहून करडा. दवामुळे उन्हाच्या दिशेने पाहताना दोन्हींवर रुपेरी झाक येते. ती रंगाने आणता येत नाही. चपट्या ब्रशमधला रंग जवळजवळ कोरडा करून कागदाच्या खरखरीवरून आडवा ओढला की मधले पांढरे ठिपके सुटतात आणि काम होते.

यानंतर सावल्या. अल्ट्रामरीनमध्ये थोडा लाइट रेड, मध्यम दाट, एका हाताने, मागे न फिरता. सावली जमिनीवरून ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर चढताना प्रत्येक वेळी दिशा बदलते. ही वळणे नीट आली की जमिनीचा चढ-उतार वेगळा दाखवावा लागत नाही. काळ्या मातीवरची सावली निळी करू नये, तेथे बर्न्ट सिएनाचे प्रमाण वाढवावे.

धूर हा या सगळ्यातला सर्वांत रंजक आणि सर्वांत बिघडवला जाणारा भाग आहे. कवेलूंच्या घरांना बहुधा धुराडे नसते. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून सगळ्या छपरातून पाझरतो आणि वर जाऊन एका उंचीवर आडवा पसरतो. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा गार व जड होऊन खाली बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो, त्यामुळे धूर त्या थराला टेकल्यासारखा अडतो. गावावर दिसणारा हा आडवा पट्टा ऊन तापले की, साधारण नऊ-साडेनऊनंतर, मोडू लागतो. तोच उभ्या रेघेसारखा आकाशात नेला की हिवाळा निघून जातो.

धुराचा रंगही जागेप्रमाणे बदलतो. गडद झाडांपुढे तो निळसर दिसतो, कारण त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. तोच धूर उजळ आकाशापुढे आला की त्यातून पार होणाऱ्या प्रकाशातला निळा गळालेला असतो आणि तो पिवळट तपकिरी दिसतो. एकाच पट्ट्यात हा बदल दाखवता आला तर पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याला धूर खरा वाटेल. झाडांवरचा धूर वाळलेल्या रंगावर ओलसर ब्रश फिरवून, लगेच कापडाने टिपून काढावा. आकाशावरचा धूर ऑकर आणि बर्न्ट सिएनाच्या अतिशय पातळ थराने द्यावा. पांढऱ्या पोस्टर कलरने धूर काढणे टाळावे, तो खडूसारखा वर बसतो.

गडद जागा शेवटी, आणि अगदी मोजक्या. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना दाट मिसळले की पुरेसा काळा मिळतो. उघडी दारे, जवळचे खांब, म्हैस, शेकोटीभोवतीची माणसे यांतील तीन-चार जागा निवडून थांबावे. शेकोटीचा जाळ एकच ठिपका, लाइट रेड आणि ऑकरचा. चित्रातला सर्वांत ऊबदार रंग तोच असल्याने त्याच्या शेजारी दुसरे लाल काही नको.

माणसे

शेकोटीभोवतीची माणसे एक-एक काढू नयेत. शाली आणि घोंगड्या पांघरलेली पाच माणसे मिळून एकच आकार होतो, त्यातून दोन साफे, एक पुढे केलेला हात आणि एखादे बसलेले पोर बाहेर डोकावले की गट पूर्ण होतो. डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई शोभेसाठी घालू नये. जी समोर खरोखर हँडपंपावर पाणी भरते आहे तिला काढावे, आणि तेही विचारून. गावात शिरताना वडीलधाऱ्यांना ‘राम-राम, बा साब’ म्हणून आपण चित्र काढायला आलो आहोत असे सांगितले की बहुतेक ठिकाणी चहासकट परवानगी मिळते. चित्र पाहायला पोरे जमणारच. त्यांना दूर हाकण्यापेक्षा रेखाटनाची वही दाखवावी, मात्र पाण्याची भांडी फळीच्या आतल्या बाजूला ठेवावीत.

घरी आल्यावर

त्याच दिवशी चित्राला पुन्हा हात लावू नये. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्याचा कृष्णधवल फोटो घेऊन सकाळच्या तीन छटांच्या रेखाटनाशेजारी ठेवावा. दोन्ही जुळत असतील तर रंगांत थोडे कमी-जास्त झालेले चालते. जुळत नसतील तर बहुधा मधली छटा फिकी राहिलेली असते. अशा वेळी सावलीतल्या भिंतींवर आणि पुढच्या जमिनीवर निळसर करड्याचा एक पातळ थर स्वच्छ कोरड्या कागदावर द्यावा आणि तेवढ्यावर भागवावे. गडद जागा वाढवून सुधारणा करू पाहणे सहसा अंगाशी येते.

कागदाच्या मागे पेन्सिलीने गाव, तारीख, वेळ आणि आपले तोंड कोणत्या दिशेला होते हे लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या खेपेला त्याच जागी त्याच उजेडात बसता येते. चित्र पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये. पावसाळ्यात इंदूरच्या दमट हवेत अशा कागदावर बुरशीचे ठिपके सहज येतात, म्हणून ते भिंतीला टेकवून न ठेवता सपाट, दोन कोऱ्या कागदांमध्ये आणि ओल नसलेल्या कपाटात ठेवावे. चौकट करायची झाल्यास काच चित्राला चिकटू नये यासाठी मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, अवश्य घालून घ्यावा.